नाशिकवाले गायक

आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहावर जयंतीच्या आठवड्यात एक कर्णा चढविला जाई. वर्षभर तो कोठीघरात ज्वारीच्या पोत्यांमागे पडलेला असे. एप्रिल उजाडला की मोठ्या वर्गांतील दोन मुले त्याला ओल्या फडक्याने पुसत आणि सुतळीने पत्र्यावर बांधत. पहाटे वंदना आटोपली की त्यातून गाणी सुरू होत. मी 1975 साली पाचवीत दाखल झालो आणि 1981 साली दहावी होऊन बाहेर पडलो. त्या सहा वर्षांत वामनदादा कर्डक यांची कितीतरी गाणी मला पाठ झाली. ती कुणाची आहेत, हे मात्र ठाऊक नव्हते. शेवटच्या कडव्यात 'वामन' असे नाव येई, एवढेच ध्यानात होते. आमच्या खोलीतील एका मुलाचे नावही वामन होते आणि आम्ही त्याला चिडवीत असू, की ही सगळी गाणी तूच रचलीस काय रे?

याच गाण्यांच्या निमित्ताने पुढे चाळीस वर्षांनी माझी जी परीक्षा झाली, तिची हकीकत या स्मरणिकेसाठी लिहावी, असे संपादक मंडळाने सुचविले. वास्तविक ती थोडी घरगुती हकीकत आहे. परंतु आपली शाळाही एक घरच असल्यामुळे ती येथे सांगण्यास संकोच वाटत नाही.

15 ऑगस्ट 2022 रोजी वामनदादांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण होणार होती. त्या दिवशी ध्वजवंदनानंतर आठवी ते दहावीच्या मुलांच्या हाती दादांच्या चरित्राची एक छोटी पुस्तिका द्यावी, असे संस्थेने ठरविले आणि ते काम माझ्याकडे आले. मी मराठीचा शिक्षक, निवृत्तीला वर्षभर उरलेले, शिवाय जयंतीच्या मंचांवर वामनदादांविषयी वीस वर्षे बोलत आलेला. आठ दिवसांत मी चाळीस पानांचा मजकूर लिहून काढला आणि आपल्या त्या वेळच्या अधीक्षक सरांकडे वाचावयास पाठविला. सर आता वयोवृद्ध झाले आहेत, परंतु शिसपेन अजून खिशाला असते. मजकूर परत आला तेव्हा त्याच्या समासात अकरा ठिकाणी एकच शब्द लिहिलेला होता : "कशावरून?"

मला राग आला, हे कबूल करतो. रविवारच्या सायंकाळी याच सरांनी आम्हांला कालामांची गोष्ट सांगितली होती. परंपरेने चालत आले म्हणून किंवा आपल्या गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले, हे मीही पुढे शेकडो मुलांना शिकविले. पण ते दुसऱ्यांच्या गोष्टींसाठी असते, अशी माझी समजूत असावी.

पहिली खूण जन्मतारखेवरच होती. 15 ऑगस्ट 1922. मी दाखल-खारीज नोंदवही कैक वर्षे लिहिलेली असल्यामुळे जन्मतारखा कशा तयार होतात, हे मला पक्के ठाऊक आहे. आमच्या पिढीतील निम्म्या मुलांचा जन्म 1 जुलैला झाला आहे, आणि तो झाला आहे शाळेच्या टेबलावर, गुरुजींच्या दौतीतून. तेव्हा एखाद्या गायकाचा जन्म नेमका स्वातंत्र्यदिनी आला, की मास्तराच्या मनात शंका यावी हे स्वाभाविक. परंतु वामनदादांच्या बाबतीत असा गुरुजीच नव्हता. ते लहानपणी शाळेच्या पाटावर बसलेलेच नाहीत. दादांच्या हयातीत हीच तारीख सर्वत्र रूढ होती आणि याच तारखेने लोक त्यांचे अभीष्टचिंतन करीत. मी ती ठेवली. सरांनीही पुढे त्यावर काही लिहिले नाही.

दुसरी खूण घराण्यावर होती, आणि तेथे मी सपशेल चुकलो होतो. वामनदादा नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. वडील तबाजी, आई सईबाई, थोरला भाऊ सदाशिव, धाकटी बहीण सावित्री. येथवर सारे ठीक होते. पुढे मी लिहिले होते, की घरी 18 एकर जमीन असल्यामुळे कुटुंब खाऊनपिऊन सुखी होते. अठरा एकर म्हटले की आपल्या काळ्या मातीच्या यवतमाळात कपाशीचे गाठोडे डोळ्यांपुढे येते. मी वऱ्हाडी माणूस. मला तो आकडा पुरेसा बोलका वाटला. तेथे सरांनी "कशावरून?" शिवाय आणखी दोन शब्द लिहिले होते : "हाडकी हाडवळा".

नाशिककडच्या एका शिक्षक मित्राला मी फोन केला, तेव्हा उलगडा झाला. हाडकी हाडवळा म्हणजे महारांच्या वतनाची जमीन. गावाने येसकराची पाळी करून घ्यावी, वेस राखून घ्यावी, सांगावे धाडावेत, सरकारी माणसापुढे घोड्याबरोबर धावायला लावावे, आणि त्या बदल्यात हा माळरानाचा तुकडा भावकीच्या नावे राहावा, असा तो व्यवहार होता. कागदावर एकर दिसत. पिकत काही नसे. सिन्नर हा तालुकाच पर्जन्यछायेतला. तबाजी उन्हाळ्यात टेंभुर्णीची पाने तोडीत आणि सिन्नरच्या विडी कारखान्याला विकत. जमीन आहे म्हणून गुलामी सुटत नाही आणि गुलामी आहे म्हणून जमीन सुटत नाही, अशी ती गाठ होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते ही गाठ सोडविण्यासाठीच. कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा व्हायला मात्र 1958 साल उजाडावे लागले.

एका आकड्याने मी विडीची पाने वेचणाऱ्या बापाला बागाईतदार करून टाकले होते. गंमत अशी, की तो आकडा खोटा नव्हता. आपला जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, देशावरची वतनपद्धती आपल्या अंगवळणी नव्हती, म्हणून खरा आकडाही मला खोटे सांगून गेला. पूर्वजांचा शोध घेताना नुसता कागद सापडून भागत नाही, कागद ज्या गावचा त्या गावची बोलीही यावी लागते, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळले.

त्यापुढच्या खुणा भराभर निकाली निघाल्या. "शिक्षण चौथीपर्यंत" असे मी एका जुन्या स्मरणिकेतून उतरून घेतले होते. ते काढले. खरी हकीकत अशी, की आईसोबत मुंबईला आल्यावर, ऐन तारुण्यात, एका माणसाने पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्या हाती दिले आणि ते त्यांना वाचता येईना. त्या दिवशी ते रडले. मग समता सैनिक दलातील एका गुरुजींनी बाराखडी गिरवून घेतली, आणि पुढचा अभ्यास मुंबईच्या रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्यांनी करून घेतला. या प्रसंगावरील पान मी तीनदा लिहिले. आपल्याकडे पाचवीत येणाऱ्या मुलांपैकी दरवर्षी दोनचार तरी अशी असतात, ज्यांना आपले नाव सोडून काही वाचता येत नाही. ती मुले भोजनगृहाच्या फलकावरचा पदार्थ वाचायचे सोंग करतात, हे मी पाहिलेले आहे. मी स्वतः केलेले आहे.

पहिल्या गाण्याबाबतही तेच झाले. माझ्या मजकुरात दादांचे पहिले गीत बाबासाहेबांवरचे होते. का, तर ते तसे असावयास हवे असे मला वाटत होते म्हणून. प्रत्यक्षात 3 मे 1943 रोजी त्यांनी रचलेले पहिले गाणे म्हणजे एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन होते. गिरणीत काम करणारा, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहणारा वीस वर्षांचा तरुण, नुकतीच अक्षरे जुळवायला शिकलेला. त्याने मित्रांना हसविण्यासाठी गाणे जुळविले, यात कमीपणा कसला? पुस्तिका समितीतील एकाने हा उल्लेख गाळावा असे सुचविले होते. मी गाळला नाही. लोक हसले, म्हणून तर आपल्या शब्दांना लोक वळतात हे त्याला उमगले असेल. हे शेवटचे वाक्य माझा तर्क आहे आणि पुस्तिकेतही मी त्याला तर्क असेच म्हटले आहे.

'वामन' या नाममुद्रेचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे निघाले. दादांच्या गाण्यांचा पहिला संग्रह 'वाटचाल' 1973 साली आला. म्हणजे पहिले गाणे आणि पहिला संग्रह यांत तीस वर्षांचे अंतर. एवढा काळ ही गाणी वह्यांत आणि तोंडात राहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते अशा गायकांनी ती घराघरांत नेली, गावोगावच्या भजनी मंडळांनी आपापल्या वह्यांत उतरविली; उतरविताना कडवी गळली, नवी चिकटली. कुणी शेवटी स्वतःचे नाव घातले, तर कुणी स्वतःच्या गाण्याला मान मिळावा म्हणून 'वामन' घातले. माझ्या जवळच्या अशाच एका वहीतील दोन गाणी मी पुस्तिकेत घेतली होती. ती दोन्ही काढून टाकली. एकूण गाणी किती, यावर मंचागणिक आकडा बदलतो. मी 'हजारो' लिहून थांबलो.

आता सर्वांत जिव्हारी लागलेली खूण. बाबासाहेब एकदा म्हणाले होते, की आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखे आहे. हे वाक्य मी वीस वर्षे वामनदादांच्या नावे सांगत आलो. त्यावर हमखास टाळ्या पडत. मी तेथे क्षणभर थांबतही असे, टाळ्यांसाठी. सरांनी समासात लिहिले होते : "कोणते कर्डक?"

ते कर्डक होते शाहीर भीमराव कर्डक. तेही नाशिक जिल्ह्याचेच. 1930 च्या दशकात नाशिक जिल्हा युवक संघाचा त्यांचा जलसा वस्त्यावस्त्यांतून फिरत असे. तमाशाचाच बाज, तीच ढोलकी, परंतु गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन, गवळणीच्या जागी शाळेत जाण्याचा उपदेश, आणि वगात सावकार, भट आणि मेलेल्या ढोरावरून होणारी भांडणे. भीमरावांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक 1978 साली प्रसिद्ध केले, त्यात हा सारा इतिहास आहे. नुसत्या तारखा समोर मांडल्या असत्या तरी मला कळले असते : जलशांचा तो बहर सुरू झाला तेव्हा वामनदादा नऊदहा वर्षांचे होते, देशवंडीच्या माळावर. त्यांचे पहिले गाणेच 1943 चे. आडनाव एक, जिल्हा एक, कला एक, आणि आपल्या मनातले प्रेम तर त्याहून मोठे. त्या प्रेमापोटी आपण एका कर्डकांची कमाई दुसऱ्या कर्डकांच्या पदरात टाकली, आणि भीमराव मात्र आमच्या मुलांच्या लेखी नाहीसे झाले. वामनदादांना त्या उसन्या दागिन्याची काहीच गरज नव्हती. त्या एप्रिलमध्ये घाटंजी रस्त्यावरच्या एका गावी बोलताना मी ते वाक्य भीमरावांच्या नावे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत. 'हे कोण?' असे चेहरे मात्र दिसले, आणि पुढची दहा मिनिटे मी त्यांच्याविषयीच बोललो.

येथवर मी चुकत होतो ते दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टींत. अकरावी खूण माझ्या घरावर होती.

पुस्तिकेचे शेवटचे पान 'आपल्या जिल्ह्यात वामनदादा' असे योजले होते. त्यात मी माझ्या वडिलांची हकीकत लिहिली होती. ती मी लहानपणापासून ऐकत आलो. दीक्षेच्या पुढच्या साली, म्हणजे 1957 च्या जयंतीला, वामनदादा आमच्या गावी आले. त्यांचा ढोलकीवाला वाटेत तापाने पडला. तेव्हा एकोणीस वर्षांच्या माझ्या बाबांनी रात्रभर ढोलकीची साथ केली आणि पहाटे दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ही हकीकत आमच्या घरी पंचशीलासारखी होती. माझ्या लग्नात व्याह्यांना ती सांगितली गेली, भावाच्या लग्नातही. गावातील तरुणांनी तर विहाराच्या भिंतीवर तशा मजकुराचा संगमरवरी फलक लावण्याचे ठरवून वर्गणी सुरू केली होती, आणि मजकूर मीच लिहून द्यावयाचा होता.

"कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होते : बाबा सांगतात.

गावच्या पंच कमिटीची पेटी विहाराच्या मागच्या खोलीत आहे. तीत जयंतीच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, 1962 पासूनच्या. मी मे महिन्याच्या उन्हात दोन दुपार तेथे बसलो. 1957 ची वही नाहीच. 1963 च्या वहीत मात्र एका पानाशी मी थांबलो. गॅसबत्ती भाडे. मेणबत्त्या. नीळ. गहू दोन पायली. त्याखाली : "नाशिकवाले गायक, मोटारभाडे व चहापाणी, 11 रु." आणि त्याच्याही खाली : "ढोलकीस नवी पुडी, 2 रु. 50 न. पै., हस्ते", आणि पुढे नाव. नाव माझ्या वडिलांचे नव्हते. ते त्यांच्या थोरल्या भावाचे, आमच्या मोठ्या बाबांचे होते.

मोठ्या बाबांना मी पाहिलेले नाही. 1965 च्या पावसाळ्यात ते विषमज्वराने गेले. मूलबाळ नव्हते, मोठी माय वर्षभराने माहेरी गेली, ती परत आली नाही. घरात त्यांचा फोटो नाही. त्यांची ढोलकी होती एवढे मी ऐकून होतो. ती आमच्या घरी खुंटीला होती, आणि ती बाबांची ढोलकी असे आम्ही म्हणत असू. मघाशी जी वही मी म्हणालो, जिच्यातली दोन गाणी पुस्तिकेतून काढली, तीही मी बाबांचीच समजत होतो. पेटीतल्या त्या जमाखर्चाच्या पानावर पुडीच्या खर्चापुढे मोठ्या बाबांची सही होती. त्यांच्या नावातला 'र' खाली शेपटी वळवून काढलेला होता. घरी येऊन मी गाण्यांची वही उघडली. प्रत्येक ओळीत तोच 'र' होता.

नाशिकवाले गायक म्हणजे वामनदादाच, असे त्या पानावरून म्हणता येत नाही. नाशिककडून गाणारे पुष्कळ येत, आणि वहीत नाव लिहिलेले नाही. साथ कुणी केली, हेही त्यात नाही. एवढेच आहे, की त्या वर्षी ढोलकी मोठ्या बाबांच्या हाती होती. 1957 हे साल तर मी फारसे मनावर घेतलेच नाही. आपल्या समाजातली प्रत्येक चांगली गोष्ट दीक्षेच्या वर्षी किंवा दीक्षेच्या पुढच्या वर्षी घडलेली असते. विहीर खोदली दीक्षेच्या वर्षी, पहिला मुलगा मॅट्रिक झाला दीक्षेच्या वर्षी. लोकांनी काळ मोजायची खुंटीच तेथे ठोकली आहे, त्याला इलाज नाही.

बाबांना विचारावे की नाही, यात आठवडा गेला. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पुस्तिकेपायी म्हाताऱ्या माणसाले खोटं पाडतं का तू?" शेवटी एका संध्याकाळी, अंगणात बाज टाकून ते पडले असता, मी वहीच्या पानाचा फोटो वाचून दाखविला. पुडी. अडीच रुपये. हस्ते.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून बसले.

"वाचून दाखव पुन्ना. नाव वाच."

मी नाव वाचले.

"तो गेला तवा तू तुह्या मायच्या पोटात होता," बाबा म्हणाले. "त्याले ना लेकरू, ना बाळ. मी म्हनलं असतं का माह्या भावानं वाजोली, त कोन इचारलं असतं? मेलेल्याची गोष्ट एक डाव आयकते लोकं. जित्याची दरसाल आयकते."

"म्हणजे तुम्ही वाजवलीच नाही?"

"मी टाळ धरला होता न बाबू. जवळच बसलो होतो त्याच्या."

"आणि गायक? वामनदादाच होते?"

बाबांनी माझ्याकडे असे पाहिले, की पुढे मला काही विचारता आले नाही. "नाशिकचे होते," ते म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

पुस्तिका 15 ऑगस्टला निघाली. तीत ते शेवटचे पान नाही. त्याऐवजी भीमराव कर्डकांवर एक पान घातले आहे. धाकटा भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही. फलकाचा मजकूर मी लिहून दिला नाही, तेव्हा गावातील एक पोरगा, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, मला म्हणाला, "सर, मोठ्या लोकांच्या घराण्यांच्या गोष्टी छापून येतात, त्यांले कोणी कशावरून म्हणून विचारत नाही. पुरावा आपल्यालाच काहून मागता? जातपडताळणी काय कमी होती?"

त्याचे बोलणे मला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वेळी जातवैधतेसाठी मी स्वतः तहसिलीत खेटे घातले आहेत. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणा, आजोबांचा आणा, कोतवाल बुकाची नक्कल आणा. ज्या नोंदवहीत आपल्या आज्याच्या नावापुढे तो जातिवाचक शब्द कुणी तरी वेठीच्या घाईत लिहिला, तीच नोंदवही आपण कोण हे ठरविण्यासाठी सत्तर वर्षांनी आपल्याच खर्चाने काढून आणावी लागते. पूर्वज शोधणे म्हणजे आपल्याला आजवर एवढेच माहीत होते : दुसऱ्याने संशय घ्यायचा आणि आपण कागद शोधायचा. त्या पोराला 'कशावरून?' हा शब्द ऐकताच तहसिलीची खिडकी आठवली, यात त्याचा दोष नाही.

परंतु सरांच्या शिसपेनीला मी त्या खिडकीच्या ओळीत बसवू शकत नाही. खिडकीला मोठ्या बाबांशी काही देणेघेणे नव्हते. शिसपेन नसती तर ते मला सापडलेच नसते. हे मी त्या पोराला त्या वेळी सांगू शकलो नाही. नंतर सांगितले, आणि तो फारसा पटल्यासारखा दिसला नाही. फलकाची वर्गणी कमिटीकडे जमा आहे. वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट बाबांनीच काढली. एक दिवस ते म्हणाले, "त्याचं त काही लिवशीन ना? साल लिवजो. जलम कवाचा तो." मी कोतवाल बुकाची जुनी नक्कल काढली. मुलीच्या वेळी काढलेली ती अजून फायलीत होती. आजोबांच्या नावे तीन मुलगे नोंदलेले आहेत : 1933, 1935 आणि 1938. तिन्ही ठिकाणी बाळाचे नाव नाही. नुसते 'मुलगा', बापाचे नाव आणि जात. 1938 चे बाबा. उरलेल्या दोघांपैकी एक तान्हेपणी गेला, हे बाबांनी आपल्या आईकडून ऐकलेले. थोरला की मधला, ते त्यांना ठाऊक नाही. म्हणजे मोठे बाबा एक तर 1933 चे किंवा 1935 चे.

मृत्यूच्या नोंदी वेगळ्या असतात. त्या बाळाच्या मृत्यूची तारीख सापडली, तर मोठ्या बाबांच्या जन्माचे साल आपोआप उरेल. मी 1933 ते 1937 पर्यंतच्या मृत्यू नोंदींच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. काही पाने जीर्ण आहेत, पंधरा दिवसांनी या, असे खिडकीतल्या बाईंनी सांगितले. बाबा रोज सकाळी विचारतात, की आज कितवा दिवस झाला.